घराच्या आवारातील जुने झाड: खानदेशातील नव्या प्लॉटधारकांसाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव या शहरांच्या कडेने ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी बऱ्याचशा अलीकडेपर्यंत कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या जमिनीवर आहेत. शेत बिनशेती होऊन त्याचे प्लॉट पडतात तेव्हा बांधावरचा कडुनिंब, विहिरीजवळची चिंच किंवा एखादा गावरान आंबा कोणाच्या तरी वाट्याला येतो. घेणाऱ्याला पन्नास-साठ वर्षांचे झाड आयते मिळते. त्याची काळजी कशी घ्यावी हे मात्र खरेदीखतात लिहिलेले नसते. इतकी वर्षे कोणी पाणी न घालता ते उभे राहिले, तेव्हा पुढेही राहील असे गृहीत धरले जाते आणि घर बांधून झाल्यावर दोन-चार वर्षांत शेंडे वाळू लागले की दोष उन्हाला किंवा वाळवीला दिला जातो. बहुतेक वेळा कारण बांधकामाच्या काळातच घडून गेलेले असते. म्हणून या लेखात खत आणि औषधांपेक्षा जमिनीविषयी अधिक लिहिले आहे.

पायरी १: झाडाची ओळख आणि माप

प्रथम झाड कोणते आहे ते नक्की करावे, कारण प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा असतो. कडुनिंब, चिंच आणि करंज ही चिवट लाकडाची, दीर्घायुषी झाडे आहेत आणि खानदेशचा उन्हाळा त्यांच्या सवयीचा आहे. गुलमोहर, सोनमोहर, बूच आणि शेवगा यांचे लाकूड ठिसूळ असते. त्यांच्या मोठ्या फांद्या वाऱ्यात मोडतात, म्हणून त्यांच्याकडे अधिक वेळा पाहावे लागते. वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे भिंतीत, टाकीत व ड्रेनेजच्या सांध्यांत शिरतात.

झाडाचे वर्षाचे वेळापत्रकही नवख्या माणसाने समजून घ्यावे. कडुनिंब माघ-फाल्गुनात पाने गाळतो आणि चैत्रात नव्या पालवीने भरतो. फेब्रुवारीत घर ताब्यात घेतलेल्या माणसाला तो मरायला टेकल्यासारखा वाटू शकतो, पण तिथे काही करण्याची गरज नसते. याउलट ऐन श्रावणात एखाद्या बाजूची पाने पिवळी पडून गळत असतील, तर ती चौकशी करण्यासारखी बाब आहे.

त्यानंतर शिंप्याच्या टेपने जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजावा व त्याला ३.१४ ने भागावे, म्हणजे व्यास मिळतो. या व्यासाच्या बारापट अंतर हे झाडाचे संरक्षित वर्तुळ मानावे, असा वृक्षतज्ज्ञांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. घेर १९० सेंटिमीटर असेल तर व्यास सुमारे ६० सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या सुमारे सात मीटर येते. तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर एवढे वर्तुळ मोकळे ठेवणे शक्य नसते हे उघड आहे. तरीही ते चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखून घ्यावे आणि मगच बांधकामाचा नकाशा त्यावर ठेवून पाहावा. वर्तुळाचा किती भाग कशासाठी द्यावा लागतो आहे, हे डोळ्यांसमोर आल्यावर संडासाची टाकी किंवा गाडीची जागा चार फूट सरकवणे अनेकदा सहज जमते.

पायरी २: मुळांवरची जमीन

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल गेलेली असतात, असा समज सर्वत्र आढळतो. काही मुळे खोल जातात, कोरड्या मुलखातल्या कडुनिंबाची तर निश्चितच जातात. परंतु अन्न व पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात असतात आणि ती डेऱ्याच्या कडेपलीकडेही बरीच पसरलेली असतात. या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ज्या गोष्टीमुळे मातीतील हवा बंद होते, ती गोष्ट झाडाला हळूहळू मारते. आणि हळूहळू मारते म्हणूनच कारण व परिणाम यांचा संबंध घरातल्या कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे मुरमाचा भराव. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे प्लॉट रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी त्यावर दोन-तीन फूट मुरूम टाकून रोलर फिरवण्याची पद्धत आहे. घराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र झाडाखाली सहा-आठ इंच दाबलेला भरावसुद्धा मुळांची हवा तोडू शकतो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ रुंद होत मुळांत उतरतो. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, तर खोडाला माती चढली आहे असे समजावे. अशा वेळी खुरप्याने, मुळांच्या सालीला धक्का न लावता, मूळ फुगवटा दिसेपर्यंत माती काढावी. भराव अजून व्हायचा असेल, तर झाडाभोवती जितकी मोठी जागा सोडता येईल तितकी जुन्याच पातळीवर ठेवून तिच्या कडेला कोरड्या दगडांची गडगी रचावी आणि पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून एका बाजूने बाहेर काढून द्यावे. काळ्या मातीत साचलेले पाणी आठवडाभर जिरत नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट फरशीची. खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवणे किंवा सिमेंटचा कोबा करणे नीटनेटके दिसते, परंतु त्यामुळे पाणी आणि हवा दोन्ही अडतात, शिवाय खोड जाड होत जाते तसे ते सिमेंटच्या कडेवर चेपले जाते. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली प्रत्येक झाडाभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मोठ्या झाडासाठी एक मीटर ही अगदी किमान मर्यादा आहे, दीड-दोन मीटर सोडता आले तर उत्तम. त्यापुढे फरशी हवीच असेल तर खाली काँक्रीटचा थर न देता, वाळूवर, सांधे मोकळे ठेवून बसवावी. झाडाला सिमेंटचा पार बांधून आत माती भरण्याच्या हौसेलाही हेच लागू होते: पार बसायला छान असतो, पण आतली माती खोडाला लागू देऊ नये.

तिसरी गोष्ट खोदकामाची. नळाची, ड्रेनेजची किंवा कंपाउंडच्या पायाची चारी जेसीबीने ओढली की मुळे कापली जात नाहीत, ती उपटून चिरफाळतात आणि कूज खोडापर्यंत जाते. संरक्षित वर्तुळात खोदणे अटळ असेल तर कुदळ-फावड्याने खोदावे. मनगटाएवढे किंवा त्याहून जाड मूळ लागले तर पाइप त्याच्या खालून न्यावा. अंगठ्याएवढी मुळे करवतीने स्वच्छ कापावीत आणि चारी त्याच दिवशी बुजवावी. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मात्र एकही जाड मूळ कापू नये, कारण झाडाला उभे धरून ठेवणारी मुळे तीच असतात. कंपाउंडची भिंत अखंड पायावर न घेता कॉलम आणि बीमवर घेतली, तर मुळे बीमखालून मोकळी राहतात. काळ्या जमिनीत भिंत तशीही कॉलमवर घेण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा याचा वेगळा खर्च फारसा पडत नाही.

बांधकाम सुरू असताना झाडाभोवती बांबू आणि हिरवी जाळी लावून कुंपण करून घ्यावे. ते नसेल तर सावली पाहून नेमके तिथेच वाळू-खडीचे ढीग पडतात, मिक्सर उभा राहतो आणि सिमेंटच्या घमेल्यांचे धुवण मुळांवर ओतले जाते. मजुरांनाही सावली हवी असते, हे मान्यच आहे; त्यांच्या बसण्याची सोय करावी, मालाची करू नये.

येथे घराच्या तड्यांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण झाड तोडण्याचे ते नेहमीचे कारण असते. मोठे झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतील ओल ओढून घेते, माती आकसते आणि उथळ पायाच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. पण असे तडे झाड नसलेल्या घरांनाही जातात, गळकी पाइपलाइन हे त्याचे एक सामान्य कारण आहे. शिवाय जुने झाड एकाएकी तोडले, तर वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती पुन्हा ओल धरून फुगते आणि पाया उलट वर उचलला जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तड्यांसाठी झाडावर कुऱ्हाड चालवू नये.

पायरी ३: उन्हाळ्यातील पाणी

ज्या झाडाची मुळे शाबूत आहेत आणि ज्याच्याभोवती जमीन मोकळी आहे, अशा जुन्या कडुनिंबाला किंवा चिंचेला पाणी घालावे लागत नाही. ज्याची मुळे बांधकामात कापली गेली आहेत, ज्याच्याभोवती फरशी झाली आहे किंवा ज्याच्या वाट्याचा पाऊस गटारात जाऊ लागला आहे, त्याला निदान दोन-तीन उन्हाळे आधार द्यावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा या आधाराची खरी किंमत कळते.

रोज संध्याकाळी नळीने बुंधा भिजवणे निरुपयोगी आहे. त्याने साल ओली राहून कुजते आणि शोषणाऱ्या मुळांपर्यंत काहीच पोहोचत नाही. पाणी डेऱ्याच्या कडेखाली, सावकाश आणि खोल मुरेल असे द्यावे. ठिबकचे साहित्य खानदेशात गावोगावी मिळते, तेव्हा इनलाइन नळीचे एक-दोन वेढे डेऱ्याच्या कडेने टाकणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ताशी चार लिटरचे तीस ड्रीपर असतील तर चार तासांत ४८० लिटर पाणी जमिनीत जाते. मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी एवढे पाणी एका मोठ्या झाडाला पुरेसा आधार देते. जिथे नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येते, तिथे ते कोठून आणायचे हा प्रश्न रास्त आहे. अंघोळीचे व भांडी विसळल्याचे पाणी साठवून वापरता येईल. धुण्याच्या पावडरीचे आणि संडास-सफाईच्या अॅसिडचे पाणी मात्र त्यात येऊ देऊ नये. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी सरळ रस्त्यावर न सोडता डेऱ्याच्या कडेजवळ काढलेल्या उथळ चरात सोडले, तर उन्हाळ्याची निम्मी चिंता कमी होते.

पायरी ४: आच्छादन

झाडाखालचा पालापाचोळा झाडून पेटवून देण्याची सवय सोडावी, इतकेच येथे पुरेसे आहे. तो तीन-चार इंच थराने तिथेच पसरून ठेवावा आणि खोडाभोवती एक वीत जागा मोकळी सोडावी. पाचोळा कमी पडत असेल तर पऱ्हाट्यांचा भुसा, उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने चालतात. आच्छादनाखाली काळी माती कमी भेगाळते, त्यामुळे भेगांबरोबर तुटणारी बारीक मुळे वाचतात. रासायनिक खताची जुन्या झाडाला बहुधा गरज नसते. वर्षाकाठी पावसाच्या तोंडावर थोडे कुजलेले शेणखत या थराखाली द्यावे. फरशीच्या सांध्यांतले गवत मारण्यासाठी तणनाशक फवारणे टाळावे.

पायरी ५: छाटणी

छाटणीची सुरुवात परवानगीपासून होते. महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड आपल्या मालकीच्या जागेत असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत तोडण्यामध्ये जाळणे व झाडाला इजा करणेही येते; म्हणून मोठ्या फांद्यांसाठीसुद्धा आधी अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. प्लॉट अजून ग्रामपंचायत हद्दीत असेल तर वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा कायदा पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, अंजन, चंदन, खैर आदी झाडे आहेत. आपला प्लॉट नेमका कोणत्या हद्दीत येतो, याची चौकशी तलाठ्याकडे आधीच करून घ्यावी.

वेळेविषयी: वाळलेली फांदी केव्हाही काढता येते, पण वळवाच्या वाऱ्यापूर्वी, म्हणजे एप्रिलपर्यंत, काढलेली बरी. जिवंत फांद्या कडुनिंबासारख्या झाडात नवी पालवी फुटण्याच्या जरा आधी, जानेवारी-फेब्रुवारीत काढाव्यात. आंब्याच्या मात्र फळे उतरवून झाल्यावर. मे महिन्यात जिवंत डेरा उघडा करणे सर्वांत वाईट, कारण जी साल कायम सावलीत वाढली तिच्यावर अचानक ऊन पडून ती भाजते, फाटते आणि तिथून कीड शिरते. पक्ष्यांची घरटी असतील तर पिले उडेपर्यंत थांबावे.

किती छाटावे, याचे उत्तर शक्य तितके कमी असेच आहे. एका वर्षात जिवंत पालवीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक कधीही काढू नये, आणि म्हाताऱ्या झाडात त्याच्याही निम्मे पुरे. झाड वरून बोडके करण्याची जी रीत आपल्याकडे सर्रास दिसते, ती छाटणी नव्हे. अशा झाडाला पुढच्याच हंगामात भराभर धुमारे फुटतात आणि मालकाला ते तरारल्यासारखे वाटते. पण हे धुमारे सालीच्या वरवरच्या थरातून निघालेले असल्यामुळे त्यांची जोड कच्ची असते आणि पाच-सात वर्षांनी जाड झाल्यावर तेच वाऱ्यात निसटून पडतात. खाली कुजणारा खुंट राहतो तो वेगळाच.

कापण्याची रीत तीन टप्प्यांची आहे. खोडापासून दीड-दोन फुटांवर फांदीच्या खालच्या बाजूने तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पहिला काप घ्यावा. त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप घेऊन फांदी पाडावी. खालचा काप असल्यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा, आणि खरे कौशल्य येथेच लागते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या अगदी बाहेरून घ्यावा. कडे कापले जाऊ नये आणि पुढे खुंटही राहू नये. अमेरिकेच्या वनखात्यातील अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून कोंडून टाकते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. या कोंडण्याच्या कामात त्या कड्याचा मोठा वाटा असतो. म्हणूनच कापावर ऑइलपेंट किंवा डांबर फासण्याने लाभ होत नाही. आंब्याच्या कापावर बोर्डो मलम लावण्याची शिफारस केली जाते. ते एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात, लोखंडी भांडे न वापरता, प्लॅस्टिकच्या बादलीत करावे.

माणूस निवडताना एक व्यवहार लक्षात ठेवावा. झाड छाटून देणारे पुष्कळ जण मजुरी न मागता लाकूड मागतात आणि ते वखारीत विकतात. हा सौदा स्वस्त वाटतो, पण त्यात वाळक्या काटक्या काढण्यात त्याला काही मिळत नाही आणि जाड, निरोगी फांद्या काढण्यातच त्याचा फायदा असतो. त्यामुळे रोख मजुरी ठरवावी, लाकूड स्वतःकडे ठेवावे, काढायच्या फांद्यांना खडूने किंवा रंगीत दोरीने खूण करून द्यावी आणि काम संपेपर्यंत खाली उभे राहावे. पायाला खिळ्यांचे बूट बांधून कोणी जिवंत झाडावर चढत असेल तर त्याला थांबवावे. विजेच्या तारांजवळची फांदी महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही तोडू देऊ नये.

पायरी ६: कीड, रोग आणि बांडगूळ

खोडावर वाळवीचे मातीचे पापुद्रे दिसले की घरमालक घाबरतो. पण वाळवी बहुधा मेलेली साल आणि मेलेले लाकूड खाते. पापुद्रे ब्रशने झाडून काढावेत आणि खाली मेलेले काही आहे का ते पाहावे. आंब्यावरचे भिरूड मात्र गंभीर असते. खोडावरच्या छिद्रातून ताजा भुसा किंवा चोथा गळत असेल, तर तारेचा आकडा आत घालून अळी बाहेर ओढावी किंवा आतच मारावी, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा छिद्रात घालून वरून चिखलाने लिंपावे आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे.

पावसाळा संपता संपता कडुनिंबाचे शेंडे करपल्यासारखे तपकिरी होऊन वाळताना अलीकडे अनेक ठिकाणी दिसतात. ढेकण्या कीड आणि फोमोप्सिस ही बुरशी यांचे हे काम आहे. झाड भयंकर दिसते. पण बहुतेक झाडे चैत्रात पुन्हा फुटतात, म्हणून घाईने तोडायला निघू नये.

बांडगुळाकडे मात्र कानाडोळा करू नये. आंबा, कडुनिंब आणि शिरीष यांच्यावर ते सहज येते. पक्षी त्याची चिकट फळे खाऊन बी फांदीवर पुसतात आणि तिथून ते झाडाच्या लाकडातच मूळ रोवते. नुसता वरचा झुपका ओढून काढला तर ते पुन्हा फुटते. म्हणून त्याच्या जोडाच्या खाली किमान एक फूट सोडून फांदीच कापावी, आणि तीही फळे पिकण्यापूर्वी.

बुंध्याशी पंख्यासारखी कठीण छत्री उगवली तर आत किंवा मुळांत कूज आहे असे समजून जाणकाराला बोलवावे. पोकळ झाड लगेच धोक्याचे ठरत नाही. भोवतीच्या घट्ट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी झाली असेल, तेव्हा काळजी करावी. ढोलीत सिमेंट भरू नये. वाऱ्यात खोड हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत पाणी मुरून कूज वाढते. शिवाय त्या ढोलीत राहणाऱ्या पोपटाचा किंवा पिंगळ्याचा त्यात बळी जातो.

पायरी ७: वळवापूर्वीची पाहणी

मे-जूनमधले वादळी वारे रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करतात, तेव्हा एप्रिलच्या मध्याला एकदा झाडाभोवती शांतपणे फेरी मारावी. वाळलेल्या किंवा अडकून लटकलेल्या फांद्या, दोन खोडांच्या बेचक्यातील उभी चीर, झाडाचा नव्याने वाढलेला कल आणि कलाच्या विरुद्ध बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली माती, या गोष्टी शोधाव्यात. जन्मापासून तिरपे वाढलेले झाड सहसा धोक्याचे नसते. गेल्या वर्षी सरळ असलेले झाड तिरपे झाले असेल, तर त्याखाली गाडी लावणे आणि मुलांना खेळू देणे त्याच दिवशी थांबवावे. दरवर्षी एकाच जागेवरून एक फोटो काढून ठेवल्यास ही तुलना सोपी जाते.

याच फेरीत खोडावरचे खिळे, पाट्यांच्या तारा आणि रोषणाईच्या माळा काढून घ्याव्यात. तार सालीत रुतून बसली असेल तर ती ओढू नये, दोन्ही टोके कापून आतला तुकडा तसाच सोडावा. अखाजीला निंबाला झोका बांधायचा असेल तर अवश्य बांधावा. फक्त फांदी जिवंत आणि मांडीइतकी जाड असावी, दोराखाली गोणपाटाची जाड घडी किंवा टायरचा तुकडा द्यावा आणि सण झाला की दोर सोडावा. वर्षभर तसाच राहिलेला नायलॉनचा दोर फांदीची साल कापतो. वटपौर्णिमेचे सुती सूत आपोआप कुजून जाते, हल्लीचा प्लॅस्टिकचा चकचकीत दोरा कुजत नाही, तो पूजेनंतर कापून टाकावा. दिवे आणि उदबत्त्या खोडाच्या खोबणीत लावू नयेत.

पायरी ८: तोडणे अटळ असल्यास

परवानगी मिळाल्यावर पडीच्या दिशेचा, विजेच्या तारांचा आणि शेजाऱ्यांच्या भिंतीचा विचार करून झाड वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवावे. बुंधा जेसीबीने उपटण्याऐवजी जमिनीलगत कापून मुळे आत कुजू द्यावीत. पायाजवळची काळी माती एकदम उसकटू नये म्हणूनही हे बरे असते. त्या जागी लगेच खोली किंवा टाकी बांधू नये, कारण कुजणाऱ्या मुळांच्या जागी माती खचते आणि ओल परतू लागल्यावर फुगते. निदान दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावेत. नवे झाड त्याच खड्ड्यात न लावता प्लॉटच्या पश्चिमेला, दुपारच्या उन्हाची सावली घरावर पडेल अशा जागी, पायापासून पुरेसे दूर लावावे आणि शक्य असेल तर जुने झाड उभे असतानाच दोन-चार वर्षे आधी लावून ठेवावे.